घर, शाळा आणि शेजाऱ्याचे मूल

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता आमच्या धर्मग्रामातील एक तरुण दाम्पत्य आपल्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलाला पहिल्या कम्युनियनच्या वर्गात घ्यावे, एवढीच त्यांची विनंती होती. नोंदवहीत शाळेच्या नावाचा रकाना आला तेव्हा बाप किंचित अडखळला व म्हणाला, "फादर, आम्ही त्याला शाळेत घातलेले नाही. तो घरीच शिकतो. त्याला जे जाणून घ्यावेसे वाटते, ते शिकतो."

धर्मगुरुपदाबरोबर शाळेच्या व्यवस्थापकाची खुर्चीही माझ्याकडे आहे. त्या खुर्चीतूनच मी बोललो. मुलाचे नुकसान, समाजात मिसळण्याची गरज, पुढे दहावीचे काय, हे सारे मी त्यांना ऐकवले. माझे बोलणे चालू असताना मुलगा केव्हाच बाहेर सटकला होता. सायंकाळची घंटा वाजवणाऱ्या आमच्या काकांना तो विचारत होता, "पहिल्यांदा दोर ओढल्यावर घंटा का वाजत नाही? दोन-तीनदा का ओढावा लागतो?" या घंटेखालून मी अकरा वर्षे ये-जा करतो आहे. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

निघताना त्या बाईंनी एक पुस्तक माझ्या टेबलावर ठेवले. "फादर, रागावला असाल तरी वाचा," एवढेच त्या म्हणाल्या. पुस्तक होते जॉन हॉल्ट यांचे 'टीच युअर ओन' (१९८१). ते वाचले, मग त्याच लेखकाची आधीची पुस्तके मिळवून वाचली. त्या वाचनाचा हा वृत्तांत आहे. आपल्या वाचकांपैकी बरेच जण पालक आहेत, पुष्कळसे शिक्षक आहेत, म्हणून तो येथे मांडावासा वाटला.

हॉल्ट (१९२३-१९८५) हे अमेरिकन. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलाच्या पाणबुडीवर होते. शिक्षणशास्त्राचे रीतसर प्रशिक्षण त्यांनी घेतले नव्हते. कोलोरॅडोत व पुढे बॉस्टन परिसरातील खाजगी शाळांत त्यांनी लहान मुलांना शिकवले आणि शिकवता शिकवता वर्गातील निरीक्षणे टिपून ठेवली. त्या टिपणांतून १९६४ साली 'हाऊ चिल्ड्रन फेल' हे पुस्तक सिद्ध झाले. वर्गातील मूल उत्तराचा शोध घेत नाही, ते शिक्षकाच्या चेहऱ्याचा शोध घेते, हे त्या पुस्तकाचे मर्म आहे. मूल अर्धवट हात वर करते. उत्तर अशा रीतीने पुटपुटते की शिक्षकाने त्यात आपल्याला हवे ते ऐकावे. अंदाजाने काहीतरी बोलून बाईंच्या भुवया कोठे वळतात ते पाहते. या साऱ्या युक्त्यांच्या मुळाशी भीती आहे, असे हॉल्ट म्हणतात. विशेष म्हणजे ही भीती त्यांना स्वतःच्या प्रेमळ म्हणवल्या जाणाऱ्या वर्गातही आढळली आहे. शिक्षकाने लिहिलेल्या पुस्तकांत असे आत्मपरीक्षण क्वचित भेटते. पापनिवेदन ऐकणाऱ्या माणसाला खऱ्या कबुलीचा स्वर ओळखता येतो. हॉल्ट यांच्या या टिपणांत तो आहे.

१९६७ च्या 'हाऊ चिल्ड्रन लर्न'मध्ये दुसरी बाजू येते. शाळेबाहेर, भीती नसताना मूल कसे शिकते? हॉल्ट यांच्याजवळ चेलो हे व्हायोलिनच्या कुळातील मोठे वाद्य होते. ते त्यांनी मुलांच्या हाती दिले. मोठा माणूस असे वाद्य हाती येताच ते धरायचे कसे, हे आधी विचारतो. मूल मात्र गज घेऊन तारांवर चालवू लागते. खरखर होते, कर्कश आवाज निघतो, मुलाला त्याचे काही वाटत नाही. त्या गोंधळातूनच कोणत्या कृतीने कोणता आवाज निघतो, हे हळूहळू त्याच्या ध्यानात येऊ लागते. गोंधळ सहन करण्याची ही शक्ती म्हणजेच शिकण्याची शक्ती, आणि शाळा नेमकी तीच हिरावून घेते, असा हॉल्ट यांचा निष्कर्ष आहे.

प्रारंभी शाळा सुधारता येतील अशी त्यांची आशा होती. ती मावळली. १९७० च्या सुमारास मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथे इव्हान इलिच यांच्या केंद्रातील चर्चांत त्यांनी भाग घेतला. इलिच (१९२६-२००२) हे नाव आपल्याला परके वाटू नये. व्हिएन्नात जन्मलेले, १९५१ साली रोममध्ये दीक्षा घेतलेले ते धर्मगुरू. न्यूयॉर्कमध्ये पोर्तो रिकोच्या गरीब स्थलांतरितांत त्यांनी सेवा केली. रोमशी खटके उडाल्यावर १९६९ मध्ये त्यांनी धर्मगुरुपदाची कामे सोडली. त्यांच्या 'डीस्कूलिंग सोसायटी' (१९७१) या पुस्तकाचा आशय थोडक्यात असा : शाळा हीच आधुनिक जगाची धर्मसंस्था झाली आहे. तिचे विधी आहेत, पायऱ्या आहेत, पुरोहित आहेत. आणि तिच्याबाहेर ज्ञान नाही अशी तिची शिकवण आहे. एके काळी आपण 'ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही' हे वाक्य ज्या अर्थाने पाठ केले होते, त्याची आठवण होऊन मी पुस्तक क्षणभर मिटले.

हॉल्ट पुढच्या मार्गाला लागले. १९७७ साली त्यांनी बॉस्टनहून 'ग्रोइंग विदाउट स्कूलिंग' हे नियतकालिक सुरू केले. मुलाला घरी ठेवावे, पण घराची शाळा करू नये. वेळापत्रक, धडे, परीक्षा यांची सक्ती नसावी. मुलाच्या प्रश्नामागून मोठ्यांनी जावे. या रीतीला त्यांनी 'अनस्कूलिंग' हा शब्द दिला. 'टीच युअर ओन' हे त्या नियतकालिकातून वाढलेले पुस्तक आहे.

आपल्याकडून यावर पहिला आक्षेप शिस्तीचा येईल. कुतूहल चंचल असते. त्याच्यामागे गेलेले मूल आज फुलपाखरू धरील, उद्या सोडील. हा आक्षेप मीही त्या दाम्पत्यापुढे मांडला होता. पण आपल्याच परंपरेकडे पाहिले तर तो वाटतो तितका सोपा राहत नाही. संत ऑगस्टीन 'कन्फेशन्स'च्या पहिल्या भागात सांगतात, की लॅटिन भाषा ते दायांच्या मांडीवर, लाडात आणि थट्टामस्करीत शिकले; ग्रीक मात्र धाकाखाली, मार खाऊन शिकावी लागली आणि ती त्यांना कधी गोड लागली नाही. भाषा शिकण्यास भीतीच्या सक्तीपेक्षा मुक्त कुतूहल अधिक समर्थ असते, असे ते स्पष्ट लिहितात. हॉल्ट यांच्या आधी साडेपंधराशे वर्षे हे लिहिले गेले. मात्र त्याच जागी ते असेही म्हणतात, की कुतूहलाच्या मोकाट प्रवाहाला शिस्तीचा बांध लागतो. संत थॉमस अक्वायनस यांनी तर दोन वेगळे शब्दच योजले. नुसते कुतूहल त्यांनी दोषांत घातले आणि अभ्यासवृत्ती सद्गुणांत. ही अभ्यासवृत्ती भलतीकडे धावणाऱ्या मनाला आवरते आणि श्रमाला कंटाळलेल्या शरीराला पुढेही ढकलते. मराठीत हा भेद आयताच आहे. कुतूहल क्षणात उत्पन्न होते, जिज्ञासा टिकते.

हॉल्ट यांना हा भेद कळत नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. चाळिशीत त्यांनी चेलो शिकण्यास घेतला आणि त्यासाठी घेतलेल्या कष्टांवर 'नेव्हर टू लेट' (१९७८) हे पुस्तक लिहिले. तारेची शिस्त, लाकडाची शिस्त, रोजच्या रियाजाची शिस्त त्यांना ठाऊक होती. त्यांचा विरोध दुसऱ्याच्या लहरीने लादलेल्या शिस्तीला होता. येथे मी त्यांच्याशी सहमत आहे आणि शिस्तीचा माझा आक्षेप मागे घेतो.

माझा खरा आक्षेप 'टीच युअर ओन'च्या घडणीतून उद्भवतो. पुस्तकाचा मोठा भाग पालकांच्या पत्रांचा आहे. पत्रे सुंदर आहेत. काही वाचताना डोळे पाणावतात. पण पत्र लिहितो कोण? ज्याचे साधले, तो. ज्या घरी हा प्रयोग फसला, आई थकली, मूल एकाकी पडले, त्या घराकडून नियतकालिकाला पत्र जात नाही. संत पौलाची पत्रे आपण वाचतो, त्यांत करिंथकरांची भांडणेही आहेत. म्हणून तर त्या मंडळींवर आपला विश्वास बसतो. हॉल्ट यांच्या पहिल्या पुस्तकात अपयशाची नोंद करणारा जो निष्ठुर प्रामाणिकपणा होता, तो या पुस्तकात मवाळ झाला आहे. निरीक्षक मागे सरून प्रचारक पुढे आला आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. या पुस्तकातील मुलाला घर आहे, घरात पुस्तके आहेत, आणि त्याच्या प्रश्नाला उत्तर देण्यास वेळ असलेले कोणीतरी आहे. शाळेतील सामाजिक जीवन हे मत्सराचे, स्पर्धेचे आणि गटबाजीचे असते, तेवढ्या कारणासाठीही मूल घरी ठेवावे, असा हॉल्ट यांचा युक्तिवाद आहे. त्यात सत्यांश आहे, हे कोणताही शिक्षक कबूल करील. पण आमच्याकडे पहाटेच्या गाडीने भाजीची पाटी घेऊन मुंबईला जाणारी आई आहे. वीटभट्टीवर राबणारे बाप आहेत. त्यांच्या मुलांना कुतूहल कमी असते काय? मुळीच नाही. त्यांच्या प्रश्नाजवळ थांबणारे माणूस दुपारी घरी नसते, एवढेच.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या ख्रिस्ती शिक्षणविषयक जाहीरनाम्यात आईबाप हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक होत, असे म्हटले आहे. ते दाम्पत्य हे वाक्य माझ्यासमोर ठेवू शकले असते आणि मला उत्तर सुचले नसते. परंतु त्याच परिच्छेदात पुढे येते, की या कार्यात कुटुंबाला सबंध समाजाच्या साहाय्याची गरज असते. पहिला अर्धा भाग हॉल्ट यांनी उत्तम लिहिला. उरलेला अर्धा लिहिण्यासाठी आपल्याला आपल्या मातीतील दोन स्त्रियांकडे जावे लागेल.

पंडिता रमाबाई (जन्म १८५८) बालपणी कोणत्याही शाळेत गेल्या नाहीत. आई लक्ष्मीबाईंनी त्यांना संस्कृत शिकवले आणि तीर्थयात्रांच्या पायपिटीत त्यांचे शिक्षण झाले. घरच्या शिक्षणाचे याहून तेजस्वी उदाहरण क्वचितच सापडेल, जरी त्यात पाठांतराचा कडक भाग होता. पण या घरी शिकलेल्या बाईंनी पुढे काय केले? १८८९ साली मुंबईत त्यांनी शारदा सदन उघडले, ज्यांना शिकवणारी आई नव्हती, ज्यांना घरच उरले नव्हते, अशा विधवांसाठी. आपल्याला घरी जे मिळाले ते घर नसलेल्यांना द्यायचे, तर शाळा काढावी लागते, हे त्यांनी ओळखले.

दुसऱ्या ताराबाई मोडक. १९४५ पासून आपल्याच पट्ट्यातील बोर्डी येथे व १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांसह त्यांनी काम केले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळा कुरणात गेली. पाने, बिया, शंख-शिंपले हेच शिकण्याचे साहित्य झाले. मुलाच्या कुतूहलावर ताराबाईंचा विश्वास हॉल्ट यांच्याइतकाच होता. हॉल्ट यांनी मूल शाळेतून घरी नेले. ताराबाईंनी शाळा मुलाच्या दाराशी नेली. ज्या समाजात सगळ्यांच्या घरी चेलो नसतो, त्या समाजाला दुसरी वाट अधिक जवळची आहे.

म्हणून हॉल्ट वाचू नयेत काय? उलट, शाळा चालवणाऱ्यांनी ते अवश्य वाचावेत. ज्यांना मुले घरी ठेवायची आहेत त्यांना त्यातून धीर मिळेल. आपल्याला त्यातून आरोपपत्र मिळते आणि आपल्याला त्याची अधिक गरज आहे. शेजाऱ्याच्या मुलासाठी शाळा हवी, असे म्हणून आपण सुटत नाही. त्या मुलाला आपण शाळेत काय देतो? आमच्या प्रयोगशाळेचे कपाट वर्षातून दोनदा उघडते, तेही तपासणीच्या वेळी. ग्रंथालयाची किल्ली कारकुनाच्या खिशात असते. ज्या मुलाला घरी कोणी उत्तर देत नाही, त्याला शाळेतही प्रश्न विचारता आला नाही, तर त्याने जावे कोठे? हॉल्ट यांच्या मुलाला निदान घर होते.

त्या मुलाला मी कम्युनियनच्या वर्गात घेतले. शाळेच्या नावाचा रकाना कोरा ठेवला. पुस्तक परत करण्यास त्यांच्या घरी जायचे आहे आणि त्या दिवशी जे बोललो त्याबद्दल क्षमाही मागायची आहे. मात्र त्याला थोडा विलंब होईल. पुस्तक सध्या आमच्या मुख्याध्यापिकाबाईंकडे आहे आणि त्यांच्यानंतर दोन शिक्षकांनी आपला नंबर लावून ठेवला आहे.