आधी मान, मग कबुली: डिव्हाइनचे पहिले तीन अल्बम

रॅपर डिव्हाइनच्या पहिल्या तीन अल्बमांची माझी क्रमवारी अशी आहे: पहिला ‘पुण्य पाप’, दुसरा ‘कोहिनूर’, तिसरा ‘गुनेहगार’. ते आले मात्र वेगळ्या क्रमाने. ‘कोहिनूर’ ऑक्टोबर २०१९मध्ये आला, ‘पुण्य पाप’ डिसेंबर २०२०मध्ये आणि ‘गुनेहगार’ नोव्हेंबर २०२२मध्ये. तिन्ही नावं एकाच माणसाचं वर्णन करतात. आधी तो अनमोल आहे, मग बरा आणि वाईट दोन्ही आहे, शेवटी दोषी आहे. नावं नुसती ओळीने वाचली तरी एका मनाचा प्रवास दिसतो. या प्रवासातला मधला मुक्काम मला सर्वांत खरा वाटतो. तो खरा का, हे वसईच्या किनाऱ्यावरून ऐकताना फार स्पष्ट कळतं.

राजोडी हे याच किनाऱ्यावर, कळंब आणि अर्नाळा यांच्यामधलं गाव. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला नालासोपारा-विरारची दाट वस्ती. कामाला किंवा कॉलेजला जायचं तर आधी स्टेशन गाठायचं आणि मग लोकल पकडायची. त्याच पश्चिम रेल्वेवर अंधेरी लागतं, आणि अंधेरी पूर्वेच्या जे. बी. नगरमध्ये विवियन फर्नांडिस वाढला. हाच पुढे डिव्हाइन झाला. हिप-हॉप आमच्या या पट्ट्यात नवं नव्हतं. सुरेश मुकुंद यांच्या नृत्यपथकाने ते इथल्या पोरांच्या पायांत आधीच उतरवलं होतं. या पथकाच्या वाटचालीवरून ‘एबीसीडी २’ हा सिनेमा २०१५मध्ये आला आणि ‘द किंग्ज’ या नावाने त्यांनी २०१९मध्ये अमेरिकेतली ‘वर्ल्ड ऑफ डान्स’ ही स्पर्धा जिंकली. त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘गली बॉय’ हा सिनेमा प्रदर्शित झाला आणि ऑक्टोबरात ‘कोहिनूर’ आला. पायांना मान मिळाला त्याच वर्षी जिभेलाही मिळाला.

दुसरा धागा श्रद्धेचा आहे. वसईचा ख्रिस्ती समाज शतकानुशतकं मराठीत आणि मराठीच्या बोलींत प्रार्थना करत आला आहे. राजोडीपासून जवळच असलेल्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२०मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. या समाजातलं मूल धर्मशिक्षणाच्या वर्गात प्रायश्चित्त संस्काराच्या पायऱ्या शिकतं: आत्मपरीक्षण, पश्चात्ताप, पुन्हा तसं न वागण्याचा निश्चय, पापांचं निवेदन आणि प्रायश्चित्त. डिव्हाइनही कॅथलिक घरातला आहे आणि त्याचं रंगमंचावरचं नाव त्याच्या श्रद्धेतूनच आलेलं आहे. म्हणून त्याचे अल्बम मी या पायऱ्या समोर ठेवून ऐकतो. धर्माच्या परीक्षेत त्याला पास-नापास करण्याचा हेतू यात नाही. रॅपसारख्या फुशारकीच्या कलेत माणूस स्वतःकडे किती खोल पाहू शकतो, हे मोजायला या पायऱ्यांइतकी नेमकी पट्टी माझ्याकडे नाही.

अल्बमांच्या आधीचा आवाज लक्षात घ्यायला हवा. ‘ये मेरा बॉम्बे’ २०१३चं, रॅपर नेझीबरोबरचं ‘मेरे गली में’ २०१५चं, ‘जंगली शेर’ २०१६चं. या गाण्यांनी त्याचा बाज ठरवून टाकला. ‘मेरे गली में’मध्ये दोघांचे आवाज शेजारी ठेवून ऐका. नेझी चपळ आहे, अक्षरांना गिरक्या देत सुटतो. डिव्हाइनचा आवाज जड आणि खरखरीत, जमिनीला टेकलेला. तो शब्द फार गुंतवत नाही. छोटा तुकडा बोलतो, थांबतो आणि शेवटचं अक्षर दाबून ठेवतो. यमक साधं असतं, पण ते पडतं अशा जागी की समोरच्या गर्दीला पुढचा शब्द स्वतःहून म्हणावासा वाटतो. त्याची बंबईया हिंदी मराठी कानाला परकी वाटत नाही. ती नळावर, नाक्यावर, लोकलच्या दारात मराठीच्या संगतीनेच घडलेली आहे.

‘कोहिनूर’ ऐकताना त्यामागची अडचण आधी समजून घ्यावी. ‘गली बॉय’मुळे त्याची गोष्ट देशभर पोचली होती, पण ती पडद्यावर दुसऱ्यांनी जगलेली गोष्ट होती. त्या सिनेमातला एम. सी. शेर त्याच्यावरून बेतलेला, ‘अपना टाइम आएगा’च्या निर्मितीत त्याचा हात, तरी चेहरा त्याचा नाही. आठ महिन्यांनी आलेल्या पहिल्या अल्बमला म्हणूनच एक काम होतं: आपली गोष्ट आपल्या तोंडून परत मिळवायची. न्यूयॉर्कचा रॅपर नास याच्या ‘मास अपील’ या रेकॉर्ड कंपनीची भारतीय शाखा त्याच वर्षी सुरू झाली होती आणि ‘कोहिनूर’ तिच्यातर्फे आला. गल्लीतल्या पोराला ज्या शहराच्या रॅपने भाषा दिली, त्याच शहराने त्याच्या नावावर मोहोर उमटवली.

या अल्बमचा स्थायीभाव अभिमान आहे, आणि तो कमावलेला आहे. ‘चल बॉम्बे’मध्ये शहराकडे तक्रारीच्या नजरेने न पाहता त्याला सोबत घेऊन नाचायचं ठरवलेलं आहे. ‘गांधी मनी’ नोटेवरच्या चेहऱ्याकडे पाहायला लावतं. ज्या महात्म्याने अपरिग्रह शिकवला त्याचंच चित्र पैशावर, आणि त्या पैशामागे धावणारी आपण सगळी. ‘वाइब है’मध्ये डिव्हाइन एकटा नाही. आवृत्ती, डी’एविल आणि शाह रूल हे सोबती आळीपाळीने माइक घेतात. मुख्य कलावंताने स्वतःच्या पहिल्याच अल्बममध्ये एवढी जागा मित्रांना द्यावी, ही गल्लीची रीत आहे. जो पुढे गेला त्याने मागच्यांसाठी दार धरून ठेवायचं. ‘टू हाइप’मध्ये सिड श्रीरामचा कर्नाटक संगीतात मुरलेला गळा येतो आणि डिव्हाइनच्या जड बोलण्याला एकदम आकाश मिळतं. तो गळा स्वरावरून स्वरावर ओघळत असताना हा मात्र ठाम पावलं टाकत राहतो. त्या विरोधातच गाण्याचं सौंदर्य आहे.

शीर्षकातली प्रतिमा मला सर्वांत जास्त विचार करायला लावते. कोहिनूर म्हणजे असा हिरा, ज्याचा अभिमान आपल्याला आणि ताबा दुसऱ्याकडे. गल्लीतून निघालेल्या कलावंताची भीती यात लपलेली आहे. आपली किंमत जगाला कळली की आपण आपल्या माणसांचे राहणार का? ‘कोहिनूर’ हा प्रश्न प्रतिमेत ठेवतो, पण त्याच्या खोलात उतरत नाही. त्याला अजून आपलं मोल सिद्ध करायचं आहे. ज्याला कालपर्यंत कुणी विचारलं नव्हतं त्याने आधी ताठ उभं राहणं योग्यच आहे. म्हणून हा अल्बम दुसरा. त्याचं बळ निर्विवाद, पण त्याचा चेहरा जगाकडे वळलेला आहे.

‘पुण्य पाप’मध्ये तो चेहरा आत वळतो. २०२० हे टाळेबंदीचं वर्ष. मार्चपासून कार्यक्रम बंद होते. डिव्हाइनची कला गर्दीच्या प्रतिसादावर पोसलेली आणि गर्दीच नाहीशी झाली. अशा काळात त्याने काढलेल्या अल्बममध्ये विजयाची गाणी आहेत, पण त्यांच्या शेजारी हिशेबाची गाणी बसवलेली आहेत. शीर्षकगीताचा गाभाच हा आहे की पुण्याचा आणि पापाचा मालक एकच. रॅपमध्ये वाईट नेहमी दुसरा असतो: जळणारा, उलटलेला, खोटा. इथे तो बोट स्वतःकडे वळवतो. आत्मपरीक्षणाची पहिली पायरी ती हीच.

पुढची गाणी या पायरीवरून वेगवेगळ्या दिशांना जातात. ‘३:५९ एएम’ हे नावच आपल्याला घड्याळातल्या एका मिनिटावर उभं करतं. रात्र संपलेली नाही, सकाळ झालेली नाही. त्या वेळी जागा असणाऱ्याला कोणाला प्रभावित करायचं नसतं, आणि या गाण्यातलं बोलणं तसंच आहे. नाचायला लावण्याची धडपड नाही, सारा भार शब्दांवर. ‘मेरा भाई’ घेतलं तर भाईपणा हे गल्लीचं सर्वोच्च मूल्य आणि तिथेच सर्वांत खोल जखम. जवळच्याने दिलेला दगा पचवताना त्या आवाजात राग आणि दुःख एकमेकांत मिसळतात. ‘डिसायपल’ आणि ‘वॉकिंग मिरॅकल’ ही नावं तर सरळ बायबलच्या जगातून आलेली. स्वतःला राजा म्हणवण्याची सवय असलेल्या कलेत कुणी शिष्य म्हणवून घेतो, तेव्हा मोठेपणाची व्याख्या हलते. शिष्याला गुरू असतो, ऋण असतं, चुका करण्याची मुभा असते आणि चुका सांगण्याची जबाबदारीही.

या अल्बमवर एक आक्षेप घेतला जातो. एवढं अंतर्मुख नाव आणि त्यात ‘मिर्ची’ कशाला? स्टायलो जी, एम. सी. अल्ताफ आणि फेनॉम यांच्यासोबतचं हे गाणं डान्सहॉलच्या ठेक्यावर उसळतं आणि लग्नाच्या वरातीतही सहज चालतं. ‘ड्रिल करते’मध्ये लंडनचा डचावेली येतो, ‘रायडर’मध्ये लिसा मिश्राचा मुलायम आवाज. माझ्या मते हा पसारा अल्बमच्या अर्थातच बसतो. सणाला मिस्सा ऐकून आलेलं वसईचं घर दुपारी बँडच्या तालावर नाचतं, आणि त्या घराला यात विसंगती दिसत नाही. देह आणि विवेक एकाच माणसाचे. ‘मिर्ची’ काढून टाकली तर उरलेला अल्बम पवित्र दिसेल, पण खोटा होईल. पुण्य आणि पाप एकत्र नांदतात हे त्याला सांगायचं आहे. ते त्याने गाण्यांच्या मांडणीतूनच सांगितलं.

पाचही पायऱ्या तो चढतो असं माझं म्हणणं नाही. परीक्षण आहे, निवेदन आहे, पश्चात्तापाची छटा आहे. पुन्हा तसं न वागण्याचा निश्चय मात्र फारसा ऐकू येत नाही, कारण ज्या रस्त्याने त्याला घडवलं तो रस्ता तो नाकारू इच्छित नाही. हा अपुरेपणा मला प्रामाणिक वाटतो. साधुत्वाचा आव आणला असता तर अल्बम प्रवचन झाला असता. तो मधेच थांबतो, म्हणून ऐकणाऱ्याला आपला हिशेब मांडायला जागा मिळते.

‘गुनेहगार’कडे येताना अपेक्षा म्हणूनच मोठी होती. कबुलीनंतरचा अल्बम आणि त्याचं नाव दोषी! निर्मितीच्या दृष्टीने हा तिघांत सर्वांत झळाळता. अमेरिकेचे आर्मानी व्हाइट, रस आणि जेडाकिस यांच्यासारखे पाहुणे यात आहेत. करण कांचनने घडवलेलं ‘बाजीगर’ हे १९९३च्या सिनेमाच्या शीर्षकगीतावर उभं आहे. नव्वदच्या दशकातली ती ओळखीची सुरावट आजच्या जड बेसवर येते, तेव्हा एका पिढीचं बालपण आणि दुसऱ्या पिढीचं तारुण्य एकाच ठेक्यावर भेटतं. कारागिरी म्हणून हे डिव्हाइनच्या उत्तम गाण्यांपैकी एक आहे, आणि ते मी पुन्हा पुन्हा ऐकतो.

तरीही अल्बम तिसरा, याचं कारण त्या गाण्याच्या नायकातच आहे. बाजीगर हा हिंदी सिनेमाचा लाडका गुन्हेगार. त्याचा गुन्हा प्रेक्षकाला मोहात पाडतो. ‘गुनेहगार’मध्ये अपराध बराचसा असाच अंगावर शोभणारा होतो. ‘हिटमॅन’सारखं नाव त्याच वळणाचं. ‘पुण्य पाप’मध्ये दोष हा ओझं होता, इथे तो मानाचा शिक्का आहे. पाहुणे जितके मोठे होतात तितकं घर मागे पडतं. गल्ली दिसते, पण ती आता आठवणीतली, पोस्टरवरची. कबुलीची भाषा पुन्हा जिंकण्यासाठी वापरली की तिच्यातली कबुली निघून जाते. डिव्हाइनचा आवाज इथे अधिक सफाईदार, अधिक आत्मविश्वासाचा आहे. पण ज्या खरखरीने ‘३:५९ एएम’ मनात रुतलं, ती खरखर कमी झाली आहे.

‘कोहिनूर’ला पहिला मानणारे म्हणतात, त्यातली भूक पुन्हा आली नाही. त्यांचं खरं आहे. ‘गुनेहगार’ला पहिला मानणारे म्हणतात, भारतीय रॅपचा ध्वनी इतका भरीव पूर्वी फार क्वचित झाला होता. तेही मान्य. पण भूक वयासोबत येते आणि जाते, ध्वनी पैशाने आणि तंत्राने सुधारतो. स्वतःबद्दल खरं बोलण्याचं धैर्य या दोन्हींतून मिळत नाही, आणि ते दरवेळी नव्याने कमवावं लागतं. माझ्या क्रमवारीचा निकष तेवढाच.

या तिघांना एकत्र ठेवलं की आणखी एक गोष्ट दिसते. ‘पुण्य पाप’ पहिला अल्बम म्हणून आला असता तर चालला नसता. ज्याचं नाव कुणाला माहीत नाही, त्याच्या पापाची कबुली कोण ऐकणार? आधी ‘कोहिनूर’ने कान मिळवले, मग ‘पुण्य पाप’ने त्या कानांचा मान राखला. आज राजोडीतला, नालासोपाऱ्यातला एखादा मुलगा किंवा मुलगी आपल्या बोलीत, आपल्या वाडीबद्दल, आपल्या देवळाबद्दल किंवा चर्चबद्दल रॅप लिहू पाहत असेल, तर ‘कोहिनूर’मधून ताठ उभं राहणं जरूर शिकावं. गर्जना करायला शिकवणारे पुष्कळ भेटतील. गर्जना थांबवून हिशेब कसा मांडायचा, हे शिकायला मात्र ‘पुण्य पाप’कडेच जावं लागेल, आणि तो हिशेब अंधेरीच्या शब्दांत न मांडता आपल्या गावच्या शब्दांत मांडावा लागेल.