बिबळ्याचा अर्ज

सिनेमाचा दुसरा भाग आणि मुदतवाढ मिळालेलं कर्ज यांत मला काडीचाही फरक दिसत नाही. मुद्दल पहिल्याच खेपेला संपलेलं असतं. पुढे नुसती व्याजाची वसुली. प्राण्यांच्या कार्टूनपटांत तर हा धंदा फारच तेजीत. 2012 या एका सालात 'मादागास्कर'च्या सिंह-झेब्र्यांचा तिसरा भाग आला आणि 'आइस एज'च्या केसाळ हत्तीचा चौथा. आपल्याकडेही 2005 च्या 'हनुमान'चा दुसरा भाग 2007 साली निघाला होता. पण तिथे तक्रारीला जागा नाही. नायकच चिरंजीव म्हटल्यावर भाग कितीही निघतील!

त्याच 2012 च्या ऑक्टोबरात आपला, म्हणजे अगदी शेजारचा, प्राणिपट आला होता: निखिल अडवाणींचा 'दिल्ली सफारी'. पुण्याच्या क्रेयॉन पिक्चर्सने तो घडवला, राष्ट्रीय पुरस्कारही मिळवला. दुसरा भाग मात्र निघाला नाही. परवा सुट्टीच्या दिवशी आमच्या चिरंजीवांबरोबर (हे चिरंजीव सातवीतले) तो पुन्हा पाहिला.

यातली मंडळी बोरिवलीच्या नॅशनल पार्कातली. त्या सुमारे 104 चौरस किलोमीटर जंगलाचा निम्म्याहून अधिक भाग ठाणे जिल्ह्यात मोडतो. तेव्हा बिबळ्या म्हणजे आम्हा डोंबिवलीकरांचा जिल्हेवालाच. जंगलात बुलडोझर घुसतात आणि सुलतान नावाचा बिबळ्या सुरुवातीलाच मारला जातो. मागे उरतात बेगम आणि बछडा युवी. 'लायन किंग'मध्येही हेच. कार्टूनपटातला बाप म्हणजे विम्याची पॉलिसी. तो गेल्याशिवाय गोष्ट मॅच्युअरच होत नाही.

मग प्राणी ठरवतात, की थेट दिल्लीला जाऊन संसदेत दाद मागायची. इथे माझ्यातला कारकून खडबडून जागा झाला. थेट दिल्ली? अहो, आधी वनरक्षक, मग वनक्षेत्रपाल, मग उपवनसंरक्षक, मग मंत्रालय. प्रत्येक ठिकाणी 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' ऐकायचं, पोच घ्यायची, पोच हरवायची. थ्रू प्रॉपर चॅनेल गेला असता तर युवी दिल्लीला पोचेपर्यंत आजोबा झाला असता. दिग्दर्शकाने हे टाळलं ते बरंच केलं म्हणा, पण त्यामुळे सिनेमा फार भोळा झाला. वरच्या साहेबाला कळलं की सगळं ठीक होतं, ही श्रद्धा ज्याची बदली कधी झालेली नाही त्याचीच असते.

वाटेतला प्रवास मात्र स्लो लोकलसारखा. दर स्टेशनाला थांबायचं, नवे प्राणी चढायचे, गाणं व्हायचं. शंकर-एहसान-लॉय यांचं संगीत वाईट नाही हो; पण बछड्याचा बाप गेलाय हे प्रेक्षक विसरायला लागला तर दोष गाण्यांच्या संख्येचा. बोमन इराणींचं सौम्य अस्वल आणि गोविंदाचं आडदांड माकड यांची जुगलबंदी मात्र झकास. एकाला शांततेने बोलायचंय, दुसऱ्याला चावायचंय. विरारकर गोविंदाला लटकण्याची सवय असल्यामुळे माकड फार खरं वाटतं.

पण सिनेमातलं सगळ्यांत खरं पात्र म्हणजे पोपट. माणसांची भाषा येणारा तेवढा एकच, म्हणून त्याला न्यायचं. आणि त्यालाच जायचं नाहीये! मालकाकडे खाणंपिणं वेळेवर, पिंजरा ऐसपैस, जंगलाचं काय व्हायचं ते होवो. अक्षय खन्नाने याला असा काही कंटाळलेला, शहाणा आवाज दिलाय, की मला दर दोन मिनिटांनी ओळखीची माणसं आठवत होती. नावं सांगत नाही. उद्या त्यांच्याच शेजारी बसायचंय.

आता गाडी जिथे अडते ते सांगतो. सिनेमाचा सवाल आहे, 'माणूस असा का?' पण हा माणूस कोण? बुलडोझर दिसतो, तिथे उठणाऱ्या इमारतीत चौथ्या मजल्यावर वन-बीएचके बुक करणारा मला तरी कुठे दिसला नाही. मी गेली काही वर्षं गृहकर्जाच्या फायली चाळतो. त्यातल्या जाहिरातींत जंगलाला जंगल म्हणत नाहीत, 'व्ह्यू' म्हणतात, आणि त्याचा दर चौरस फुटावर वेगळा लागतो. तो घेणारा राक्षस नसतो. दहा बाय बाराच्या खोलीत चार माणसांसह वाढलेला, सकाळची फास्ट पकडणारा सज्जन असतो, आणि बछड्याला छप्पर हवं असं त्यालाही वाटत असतं. या दोन बछड्यांना समोरासमोर उभं करायची हिंमत सिनेमाने केली असती तर गंमत होती. तो एकाचीच बाजू मांडून, टाळ्यांच्या भाषणावर मोकळा होतो. थिएटरमध्ये डोळे पुसून प्रेक्षक परत गेला तो त्याच 'व्ह्यू'कडे.

पडद्यावर दुसरा भाग निघाला नाही, पण आमच्या जिल्ह्यात निघाला. 20 फेब्रुवारी 2019 ला ठाण्यात एक बिबळ्या पहाटे मॉलमध्ये शिरला आणि पुढे एका हॉटेलात सापडला. नोव्हेंबर 2022 मध्ये दुसरा कल्याण पूर्वेला चिंचपाड्याच्या एका इमारतीत घुसला, काही माणसं जखमी झाली, आणि वनखात्याने तासन्‌तास खटपट करून त्याला धरलं. चिरंजीवांनी लगेच हिशेब मांडला: 2012 चा बछडा 2022 ला दहा वर्षांचा, म्हणजे बाबा, तो युवीच ना?

हिशेबात चूक नव्हती. पण तो बोरिवलीचा की मलंगगडाच्या बाजूचा, आणि इमारतीत कोणाला काय विचारायला आला होता, हे कळायला मार्ग नव्हता. त्याच्याबरोबर पोपट नव्हता.