‘स्वतः’ म्हणजे कोण?

रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ मी पहिल्यांदा वाचलं ते बी.ए.च्या परीक्षेपुरतं. 1910 सालचं पुस्तक. तेव्हा एकच गोष्ट लक्षात राहिली: देवराष्ट्रे, म्हणजे आमच्याच सांगलीकडची मुलगी. लग्न होऊन ग्वाल्हेरला आले तेव्हा सामानातून ते जयेंद्रगंजच्या घरात आलं आणि कपाटात पडून राहिलं. यंदा दशलक्षण पर्वात दुपारी वाचायला काढलं आणि दोन दिवसांत संपवलं. आवडलं, आणि खटकलंही. दोन्ही सांगते.

1873 साली अकरा वर्षांची, अक्षरओळख नसलेली मुलगी वीस वर्षांनी मोठ्या न्यायमूर्तींच्या घरात येते. नवरा शिकवतो, पण घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते रुचत नाही. टोमणे, अबोला, इंग्रजी शिकवणाऱ्या मिसचा विटाळ नको म्हणून धड्यानंतर आंघोळ. रमाबाई उलट उत्तर देत नाहीत आणि पुस्तकही सोडत नाहीत. यातलं दुसरं जास्त महत्त्वाचं. नुसतं सोसणाऱ्या बायका घरोघरी आहेत. सोसताना आपलं काम चालू ठेवणारी विरळा.

आपल्या वाचकांना आंब्याची आठवण विशेष भावेल. उत्तम आंबे घरी येतात, रानडे एक-दोन फोडी खाऊन थांबतात. आवडले नाहीत का, असं बायकोनं विचारल्यावर ते जिभेला आवर घालण्याची गोष्ट सांगतात. आपण याला रसपरित्याग म्हणतो. पण आपल्याकडे त्याची यादी होते: अमकीनं तूप सोडलं, तमकीनं साखर. इथे त्यागाची वाच्यता नाही. बायकोनं विचारलं म्हणूनच ते कळलं.

आता खटकलेलं. रमाबाई नवऱ्याचा उल्लेख करताना ‘स्वतः’ असं लिहितात. नाव घ्यायचं नाही ही त्या काळची रीत, हे मान्य. तरी पानापानावर ‘स्वतः’ म्हणजे ते, हे वाचताना मी अडखळत राहिले. ज्या बाईची आतली वाढ आपण वाचतोय, तिच्याकडे स्वतःसाठी ‘स्वतः’ हा शब्दसुद्धा उरलेला नाही. आपल्या धर्मात तर सगळी वाट ‘स्व’कडे जाते. स्वाध्याय दुसऱ्यानं करून चालत नाही.

एका प्रसंगात बायकोच्या हातून मनाविरुद्ध काही घडलं म्हणून रानडे रात्रभर तिच्याशी बोलत नाहीत. शेवटी तीच माफी मागते. हे रमाबाई शिकवण म्हणून सांगतात. मला ती शिक्षा वाटली. रागाचा शब्द उच्चारला नाही म्हणजे राग गेला असं होत नाही. समोरच्याला तडफडवणारं मौन हा कषायच, फक्त स्वच्छ कपड्यांतला.

हे लिहिताना माझी लेखणी जरा थबकली. कारण तसलं मौन मीही पाळलंय.

आमच्या एका मंडळाचे पैसे माझ्याकडे असायचे. एका बैठकीत एका तरुण सुनेनं सरळ विचारलं, “काकू, वर्षाचा हिशेब एकदा वाचून दाखवाल का?” हिशेब अपुरा होता. मोठ्या बायकांनी पावत्या दिल्या नव्हत्या, हे मला ठाऊक होतं. मी काहीच बोलले नाही. बोलायचं काम इतरांनी केलं, आणि ती पोरगी उद्धट ठरली. तिनं येणं सोडलं. मी घरी येऊन सामायिकाला बसले आणि आपण किती शांत राहिलो याचं मला समाधानही वाटलं! भित्रेपणाला मी समता म्हणत होते.

म्हणून या पुस्तकाची मोठी उणीव मला शेवटी जाणवते. 1901 मध्ये रानडे जातात आणि आठवणी थांबतात. पुढच्या रमाबाई यात नाहीत. 1904 साली मुंबईत महिला परिषदेच्या अध्यक्षा झालेल्या, 1909 पासून पुण्याचं सेवासदन उभं करणाऱ्या, मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी भांडणाऱ्या रमाबाई. लेखिकेनं स्वतःच्या कर्तृत्वाला लिहिण्याजोगं मानलं नाही. हा विनय खरा, पण तोटा आपला झाला. पेरणी दिसली, पीक आपल्याला दुसऱ्यांच्या पुस्तकांतून शोधावं लागतं.

तरीही पुस्तक घ्या, वाचा. हल्ली नेतृत्वाच्या शिबिरात उभं कसं राहावं, आवाज कसा टाकावा हे शिकवतात. इथे त्याआधीचं आहे: रोजचा धडा, आवरलेली जीभ, न सोडलेलं काम. फक्त वाचताना प्रत्येक मौनापाशी थांबून विचारा, हे राग जिंकल्याचं आहे, शिक्षेचं आहे, की भीतीचं? रमाबाईंचं बहुतेक पहिल्या जातीचं. माझं तिसऱ्या.

क्षमावाणीच्या दिवशी सगळ्यांना ‘उत्तम क्षमा’ म्हणून झाल्यावर मी त्या सुनेच्या घरी गेले. तिनं पाणी दिलं, बस म्हणाली नाही. मी उभ्यानंच सांगितलं, “चूक माझी होती. पुढच्या बैठकीत हिशेब मी वाचणार आहे, पावत्या नाहीत तिथे नाहीत असं म्हणणार आहे.”

“आणि त्या चिडल्या तर, काकू?”

“चिडू देत. मी बोलेन.”

तिनं खुर्ची पुढे केली.