'विनासायास' कुणासाठी?

डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचं 'विनासायास वेटलॉस आणि मधुमेह प्रतिबंध' हे पुस्तक आरोग्याचं म्हणून सगळ्यांनीच वाचलं. मला ते मराठी घराबद्दलचं पुस्तक म्हणून वाचावंसं वाटतं.

डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांतून आलेला त्यातला नियम एका फॉरवर्डमध्ये मावतो. कडकडून भूक लागेल तेव्हाच, दिवसातून दोनदा जेवा. जेवण 55 मिनिटांत संपवा. मधे पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा कोरा चहा. शिवाय 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. ना महाग पावडर, ना कॅलरींचा हिशेब. 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणत साबुदाण्याच्या खिचडीवर ताव मारणाऱ्या आपल्याला या नियमाने साधा प्रश्न विचारला: खरंच भूक लागलीय का? ही त्याची मोठी ताकद.

मला खटकतो तो शीर्षकातला पहिलाच शब्द.

आमच्या बाबांनी हे डाएट सुरू केलं. त्यांना भूक लागायची साडेअकराला, आम्हाला दीडला. मग आईचा स्वयंपाक दोनदा. बाबांची 55 मिनिटं सुरू झाली की गरम पोळी ताटात पडलीच पाहिजे. बाबांचं वजन विनासायास उतरलं. आयास तेवढे आईच्या नावावर जमा झाले. ती स्वतः कित्येक वर्षं दोनदाच जेवत आलीय, सगळ्यांचं झाल्यावर, उरलंसुरलं. त्याला कुणी डाएट म्हटलं नाही.

खाण्याच्या वेळा आवळून वजन उतरतं का, याची एक परीक्षा चीनमधल्या ग्वांगझूत झाली. तिचे निष्कर्ष 2022 साली आले. 139 लठ्ठ माणसांना वर्षभर कमी कॅलरींचा आहार दिला. त्यातल्या एका गटाला आठ तासांतच खायची अट होती. वजन दोन्ही गटांचं घटलं, पण दोघांत म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणजे किमया घड्याळाची नव्हती, कमी खाण्याची होती. आणि रोज बेताचं, पोटभरीचं, चवीचं ताट समोर येणं हे कुणाच्या तरी कष्टांशिवाय होत नाही.

पुस्तक माणसाला स्वतःची भूक ओळखायला शिकवतं, हे मी मान्य करतो. फक्त त्यातला 'तुम्ही' एकटाच जेवतो. त्याच्या ताटात वाढणारा हात कुठेच दिसत नाही.

बाबांना आता मी एवढंच सांगितलंय: भूक तुमची, तर पोळीही तुम्हीच लाटा. पहिली नकाशासारखी झाली. आईने ती गरमागरम खाल्ली.