कोण वाजवून राहिलं?

मे महिन्यातली रात्र, दीपनगरचं क्वार्टर, पंखा पाचवर. लॅपटॉपवर जॅझ पियानोची एक मिडी फाइल लावली होती. वीज केंद्रातून सेकंड शिफ्ट संपवून आलेले पप्पा दारातच थांबले.

"छान आहे. कोण वाजवून राहिलं?"

"फाइल आहे, पप्पा."

"ते दिसतंय. वाजवणारा कोण?"

फाइलवर नाव नव्हतं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मिडी म्हणजे ध्वनिमुद्रण नाही. वेगवेगळ्या कंपन्यांची इलेक्ट्रॉनिक वाद्यं एकमेकांशी बोलू शकावीत म्हणून १९८३ साली आलेली ती एक भाषा आहे. कोणती पट्टी दाबली, कधी, किती वेगानं, कधी सोडली, पेडल कधी दाबलं, एवढंच ती लिहून ठेवते. म्हणून पाच मिनिटांचं वादन काही केबीत मावतं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर क्षणात जातं. आवाज मात्र आपण द्यायचा. मी फुकट मिळणारा साल्मँडर ग्रँड पियानो वापरतो. त्यात यामाहाच्या खऱ्या पियानोचा प्रत्येक नमुना हळू ते जोरात अशा १६ पातळ्यांवर रेकॉर्ड केलेला आहे.

इतक्या थोड्या माहितीत पियानो मावतो कसा? कारण त्याच्या यंत्रणेत आहे. पट्टी दाबली की हातोडी उडते आणि तारेवर आदळण्याआधी पट्टीपासून सुटते. त्यानंतर वादक तो सूर धरू शकतो किंवा सोडू शकतो, वाकवू शकत नाही. त्यामुळे वेग नोंदवला की बरंच काही नोंदवून झालं. ख्यालगायकी अशी मावणार नाही, कारण तिथे सगळा जीव एका सुरातून दुसऱ्या सुरात जाण्यात आहे. पेटीला मींड येत नाही, हा तिच्यावरचा जुना आक्षेप. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं पेटी बंद केली आणि बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. पेटीची जी उणीव मानली गेली, तीच पियानोच्या बाबतीत मिडीच्या पथ्यावर पडते.

पण शेअर होणारी प्रत्येक फाइल कुणीतरी वाजवलेली असतेच असं नाही. ती पियानो रोलमध्ये उघडून बघा. सगळे सूर रेघेला चिकटून उभे असतील आणि सगळ्यांचा वेग सारखा असेल, तर ते माउसनं टाकलेले आहेत. माणसानं वाजवलेल्या फाइलमध्ये सूर रेघेच्या किंचित अलीकडे-पलीकडे असतात आणि एकाच कॉर्डमधली बोटं वेगवेगळ्या जोरानं पडतात. जॅझचा स्विंग याच इकडे-तिकडे होण्यात आहे. 'क्वांटाइझ'चं बटण दाबून ते सरळ केलं की सूर तेच राहतात, पण वादन मरतं. तरी आमच्यासारख्या हौशी लोकांची चर्चा बहुतेक वेळा कोणती लायब्ररी किती जीबीची यावरच चालते. बोटांबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

त्या फाइलनं मला शिकवलं, हे मान्य करायला हवं. इथे पियानो नाही आणि शिकवणारा मला मिळाला नाही. वेग निम्मा करून, डावा हात बंद करून, एकेक कॉर्ड मी त्यातून उचलली. माझं वादनही मी मिडीतच नोंदवत असे. भुसावळच्या उन्हाळ्यात पंखा बंद करणं शक्य नाही, आणि मिडीत पंखा येत नाही. याचं मला फार कौतुक होतं.

मग बिल इव्हान्सच्या 'वॉल्ट्झ फॉर डेबी'पाशी अडकलो. २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये झालेलं ते रेकॉर्डिंग. त्यात ग्लास किणकिणतात, लोक बोलतात. स्कॉट लाफारोचा बास इव्हान्सला अडवतो, सोडतो, पुढे ढकलतो. अकरा दिवसांनी लाफारो अपघातात गेला. त्या रात्रीच्या पियानोची अचूक मिडी मिळाली असती, तर इव्हान्सची बोटं कळली असती. तो कुणाला उत्तर देत होता, ते कळलं नसतं.

मिडी अभ्यासाला घ्यावी, हे माझं मत कायम आहे. पण तिला मैफल म्हणू नये.

परवा शिकलेला तुकडा ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर वाजवला. एकदा मिडीत आणि एकदा टेबलावर ठेवलेल्या फोनमध्ये, पंख्यासकट. दोन्ही मित्राला पाठवले. त्याचा प्रश्न आला, "लायब्ररी कोणती?"

पप्पांना फोनवरचं ऐकवलं. शेवटपर्यंत ऐकून ते म्हणाले, "पंख्याचं बेअरिंग गेलंय."

कोण वाजवून राहिलं, हे मात्र त्यांनी विचारलं नाही.