जाड ठशाच्या देवनागरी अक्षरांचे रूप आणि उपयोग : देहूच्या संदर्भात

प्रस्तावना
लिपी हे भाषेचे दृश्य रूप होय. मजकुराची अक्षरे सलग वाचली जावीत आणि शीर्षकाची अक्षरे प्रथम नजरेत भरावीत, अशी अपेक्षा असते. संगणकीय फाँट सर्वांच्या हाती आल्यापासून हा भेद पुसट होत गेला. प्रस्तुत लेखात जाड, ठोकळेबाज देवनागरी अक्षरांचा विचार देहू या तीर्थक्षेत्राच्या संदर्भात केला आहे.

रूपविचार
रोमन लिपीतील मोठी अक्षरे एकाच उंचीच्या पट्ट्यात मावतात; त्यामुळे ती जाड करणे तुलनेने सोपे असते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी व अनुस्वार आणि खाली उकार येतात. ‘देहू’ या दोन अक्षरी नावातच वर मात्रा आणि खाली दीर्घ उकार आहे. रेघ जितकी जाड, तितकी अक्षराच्या पोटातील पांढरी जागा कमी. ‘व’ आणि ‘ब’ यांतील भेद त्या पोटातील एका तिरप्या रेघेवर अवलंबून असतो. पोट बुजले की ‘तुकोबा’चे ‘तुकोवा’ होते.

या अडचणीला अलीकडच्या अक्षररचनाकारांनी वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. इंडियन टाइप फाउंड्रीने 2014 मध्ये प्रकाशित केलेल्या ‘टेको’त चौकोनी बांधणी आणि जवळजवळ एकसारख्या जाडीची रेघ आहे. एक टाइपच्या ‘मोदक’मध्ये अक्षर इतके गुबगुबीत होते की पांढरी जागा बारीक फटीएवढीच उरते, परंतु ती फट जाणीवपूर्वक राखलेली आहे. दोन्ही फाँट मोठ्या आकारातील मोजक्या शब्दांसाठी आहेत. कमल शेडगे (1935–2020) यांनी नाटकांसाठी हाताने रेखाटलेली शीर्षकेही मोजक्या शब्दांचीच होती.

उपयोगविचार
ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून पालखीचे प्रस्थान होते. अशा प्रसंगी लागणाऱ्या फ्लेक्स फलकांवर स्वागत, कार्यक्रम आणि शुभेच्छुकांची नामावली हे सारेच जाड ठशात छापण्याची प्रवृत्ती दिसते. सर्वांनीच आवाज चढवला तर कोणाचेच ऐकू येत नाही, तसे येथे होते. ज्येष्ठ वारकऱ्यांना जाड अक्षर सोयीचे पडते, असा युक्तिवाद केला जातो. तो अंशतःच खरा आहे. दुरून अक्षर ओळखू येते ते काळ्या रेघेइतकेच आतल्या पांढऱ्या जागेमुळे. गर्दीत ‘पिण्याचे पाणी’, ‘प्रथमोपचार’ हे शब्द जाडच हवेत. मात्र त्याखालील सूचना साध्या अक्षरांत असल्या, तरच त्या शब्दांचे वजन टिकते.

देहूच्या गाथा मंदिरात अभंग संगमरवरावर कोरलेले आहेत. कोरीव काम आणि छपाई यांची तंत्रे भिन्न असल्याने त्यांची सरळ तुलना करणे योग्य नाही. तथापि दीर्घ मजकूर वाचकाला थांबवून वाचायला लावण्यासाठी अक्षर जाड असावे लागत नाही, एवढे तेथे स्पष्ट होते.

निष्कर्ष
जाड ठसा हा अक्षराचा दोष नव्हे. त्याचा सरसकट वापर हा दोष होय. ज्या गावाची ओळखच शब्दांमुळे आहे, तेथील फलकांनी कोणता शब्द मोठ्याने उच्चारावयाचा याचा विवेक राखावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. मराठी विभागांनी प्रमाणलेखनाबरोबरच अक्षरनिवडीचाही विचार अध्यापनात आणणे म्हणूनच आवश्यक ठरते.