अ‍ॅक्रनचे भाषण : आवाज कुणाचा?

सोजर्नर ट्रूथ यांचे अ‍ॅक्रनचे भाषण मराठीत आणताना मी त्यांच्या तोंडी आपली ग्रामीण बोली घातली होती. गुलामगिरीत वाढलेली, निरक्षर काळी स्त्री; ती अशीच बोलली असणार! चूक माझीच, पण ती करणारी मी पहिली नव्हे.

ओहायोतल्या स्त्रीहक्क परिषदेतले हे भाषण मे १८५१चे. २१ जूनला मेरियस रॉबिन्सन यांनी ते ‘अँटी-स्लेव्हरी ब्युगल’मध्ये छापले. तिथली भाषा सरळ, प्रमाण आहे. नांगरणी, कापणी, लाकूडतोड मीही केली, माझ्या अंगात पुरुषाइतकेच बळ आहे, हा त्यातला युक्तिवाद. ‘मी बाई नाही का?’ हा जगप्रसिद्ध प्रश्न मात्र त्यात नाही. तो येतो थेट १८६३ मध्ये, परिषदेच्या अध्यक्ष फ्रान्सिस गेज यांच्या आठवणीत. तिथे ट्रूथ दक्षिणेतल्या गुलामांच्या ढंगात बोलतात. तेरा मुले झाली, बहुतेक विकली गेली, असे सांगतात.

प्रत्यक्षात त्यांचा जन्म न्यूयॉर्क राज्यातला, आणि लहानपणीची भाषा डच. ऑलिव्ह गिल्बर्ट यांना सांगून लिहवलेल्या १८५०च्या चरित्रात मुले पाच आहेत. त्यांतला पीटर बेकायदा अलाबामात विकला गेला, तेव्हा या बाईने कोर्टाची पायरी चढून १८२८ मध्ये त्याला परत मिळवले. गेज यांच्या पाठात ही खटला जिंकणारी आई कुठेच नाही. आहे ती टाहो फोडणारी.

गेज शत्रुपक्षातल्या नव्हत्या, गुलामगिरीच्या विरोधकच होत्या. म्हणूनच हा पाठ मला जास्त बोचतो. त्यांना स्वतःला नुसते स्त्री म्हणून बोलता येत होते. ट्रूथ यांचे काळेपण मात्र भाषेतूनही ऐकू यायला हवे होते, आणि स्त्रीपण सिद्ध व्हायला हिरावलेली मुले हवी होती. वर्ण आणि लिंग इथे एकावर एक रचलेले नाहीत. एकाच वाक्यात मुरलेले आहेत.

नेल अर्विन पेंटर यांनी १९९६च्या चरित्रात ही सारी घडण उलगडली. तरी तो प्रश्न खोटा म्हणून फेकता येत नाही. बेल हुक्स यांनी १९८१ मध्ये त्यालाच पुस्तकाचे शीर्षक केले. काळ्या स्त्रियांनी तो आपलासा केला आहे.

माझ्या अनुवादातली बोली मी काढून टाकली. पण रॉबिन्सन यांचा पाठही एका गोऱ्या पुरुषाने ऐकलेला. आणि डच वळणाचे ते इंग्रजी मराठीत कसे बोलवावे, हे मला अजून साधलेले नाही.